मोहतर्फा ते अनुमानित कर : सातारा-सांगलीतील स्वतंत्र व्यावसायिकांचा करइतिहास

मोहतर्फा हा मराठेशाहीत शेतीबाहेरच्या धंद्यांवर बसणारा कर. जमीन कसणाऱ्याने सारा द्यायचा आणि माग, घाणा, भट्टी किंवा दुकान चालवणाऱ्याने मोहतर्फा, अशी साधारण विभागणी होती. कोणाच्या पगारी चाकरीत नसलेला, स्वतःच्या हत्यारावर आणि हुन्नरावर पोट भरणारा माणूस जुन्या दफ्तरांत भेटतो तो बहुधा याच कराच्या यादीत. आज सातारा, कराड, सांगली आणि मिरज या शहरांत ॲपवर आलेली ऑर्डर दुचाकीवरून पोचवणारा तरुण, घरी बसून परगावच्या कंपनीचे काम करणारी संगणक अभियंता, स्वतःचा टेम्पो चालवणारा वाहतूकदार हे सगळे त्याच वर्गातले. त्यांना मालक नाही, महिन्याचा ठरलेला पगार नाही आणि म्हणून पगारातून परस्पर कापून भरला जाणारा करही नाही. अशा माणसाची कमाई किती हे कोणी आणि कशावरून ठरवायचे, या प्रश्नाची उत्तरे या दोन जिल्ह्यांत तीन शतकांत कशी बदलत गेली, त्याचा हा आढावा आहे.

बलुते, पेठ आणि मोहतर्फा

१७०८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि पुढे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पेठा वसत गेल्या. वारांच्या नावांच्या पेठांबरोबर यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा अशी नावे आजही शहरात चालतात. सांगलीचा उदय त्यानंतरचा. १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेच्या घराण्यातून वेगळे झाले आणि कृष्णाकाठच्या या गावाला त्यांनी राजधानी केले. राजधानी म्हटली की सोनार, कासार, कोष्टी, तेली, शिंपी, रंगारी यांची गरज आलीच. नवी पेठ वसवताना बाहेरून येणाऱ्या कारागिरांना आणि उदमींना सरकारातून कौल मिळे. काही वर्षे कर माफ, त्यानंतर थोडाथोडा चढता, असे आश्वासन त्यात लिहिलेले असे. धंदा रुजण्याआधी कर मागितला तर कारागीर पाय काढतो, हे राज्यकर्ते जाणून होते.

खेड्यातली व्यवस्था वेगळी होती. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट हे बलुतेदार गावाची वर्षभराची कामे करत आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने आपला वाटा घेत. थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळींप्रमाणे हा वाटा कमीजास्त असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आहे. बलुतेदाराच्या हाती रोख पैसा क्वचितच येई, तरीही त्याच्यावर कर होता. पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात जमीनसाऱ्याखेरीज घेतल्या जाणाऱ्या पट्ट्यांची मोठी यादी आहे. घरांवरचा घरझाडा, वजनमापे तपासून शिक्का मारण्याबद्दलची बटछपाई, बाजारात पाल मांडल्याबद्दलची बाजारबैठक, म्हैसपट्टी, बलुत्यांवरचा कर आणि दुकानदारांच्या ऐपतीप्रमाणे बदलणारा मोहतर्फा, अशा नाना बाबी त्यात येतात.

या कराची आकारणी हिशेबाच्या वहीवर होत नसे. तेल्याचे घाणे किती, कोष्ट्याचे माग किती, दुकान भर बाजारात की कोपऱ्यात, घर केवढे, यांसारख्या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून ऐपतीचा अदमास बांधला जाई. पेठेत शेटे आणि महाजन, तर गावात पाटील आणि कुलकर्णी हे सरकार आणि धंदेवाला यांच्यामधले दुवे होते. कोणाची ऐपत किती हे तेच सांगत आणि वसुलीही त्यांच्याच हातून होई. स्थानिक माणसाला परिस्थिती ठाऊक असल्याने दुष्काळात सूट मिळण्याची शक्यता असे, हा या पद्धतीचा गुण. धंदेवाल्याची बाजू याच स्थानिक माणसाच्या मर्जीवर अवलंबून राही, हा तिचा मोठा दोष. घाणा बंद पडला की चालू आहे, गिऱ्हाईक तुटले की वाढले, हे सिद्ध करण्यासाठी सामान्य कारागिराजवळ लेखी काहीच नसे. लिहिणे कुलकर्ण्याच्या हाती आणि मोडी वाचता येणे फार थोड्यांना, अशा स्थितीत अंदाज बांधणाऱ्याचा शब्द अखेरचा ठरे.

जकातीची नाकी आणि हुंडेकरी

फिरत्या धंदेवाल्याला मोहतर्फ्यापेक्षा जकातीचा जाच जास्त होता. माल जिथे भरला तिथे थळभरीत, जिथे विकला तिथे थळमोड आणि वाटेत प्रत्येक हद्दीवर आणखी काही, अशी ही आकारणी चाले. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळुणाकडे जाणारा आणि तिकडून मीठ, नारळ घेऊन वर येणारा बैलांचा तांडा अनेक नाकी ओलांडत असे. जहागिरी आणि सरंजाम एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे नाक्यांची संख्या वाढली होती आणि प्रत्येक नाक्यावरचा दर निराळा होता.

या गुंत्यातून हुंडेकरी हा वर्ग उभा राहिला. व्यापाऱ्याकडून एक ठोक रक्कम घ्यायची आणि वाटेतल्या सर्व नाक्यांची जकात भागवून माल सुखरूप पोचवायची हमी द्यायची, हा त्यांचा व्यवसाय. कोणत्या नाक्यावर किती द्यावे लागते, कोणाशी बोलावे, कोणती सूट मागावी, हे ज्ञान हेच त्यांचे भांडवल होते. करपद्धती सामान्य माणसाला झेपेनाशी झाली की ती समजून घेणारा मध्यस्थ तयार होतो, याचे हे या भागातले जुने उदाहरण. आज प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसणारी कर सल्लागारांची कार्यालये त्याच गरजेतून उभी राहिली आहेत.

एका नदीकाठी अनेक अंमल

१८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि कॅप्टन जेम्स ग्रँट, म्हणजे पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, याला राज्याचा कारभार पाहण्यासाठी नेमले. १८१९ मध्ये साताऱ्याशी आणि सांगलीच्या पटवर्धनांशी तह झाले. सध्याच्या दोन जिल्ह्यांच्या मुलखात त्यानंतर सातारा, सांगली, थोरली व धाकटी मिरज, तासगाव, जत, औंध, फलटण अशी संस्थाने आणि जहागिरी एकमेकांना लागून, कित्येकदा एकमेकांच्या पोटात होत्या. गाव बदलले की राज्य बदले आणि राज्य बदलले की कर बदले.

कंपनी सरकारच्या ताब्यातील मुंबई इलाख्यात मोठा बदल झाला तो १८४४ च्या १९ व्या कायद्याने. शहरजकाती, मोहतर्फा, बलुत्यांवरचे कर आणि व्यापार-व्यवसायांवरच्या नाना नावांच्या पट्ट्या या कायद्याने एकदम रद्द झाल्या. कारागिराच्या डोक्यावरचे एक जुने ओझे उतरले, पण बुडालेले उत्पन्न सरकारने मिठाकडून वसूल करायचे ठरवले. मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया झाला आणि त्याविरुद्ध सुरतेत उठाव झाला. धंदेवाल्याच्या ऐपतीशी निगडित असलेला कर गेला आणि त्याच्या जागी गरीब-श्रीमंतांना सारखाच लागणारा कर आला. कोष्ट्याचा माग बंद असला तरी त्याच्या घरात मीठ लागतच होते.

सातारा तेव्हा संस्थान असल्यामुळे हा कायदा तिथे लागू नव्हता. १८४८ मध्ये शहाजी महाराजांच्या निधनानंतर डलहौसीने दत्तक नामंजूर करून ते खालसा केले आणि त्याचा मुलूख मुंबई इलाख्याच्या करव्यवस्थेत ओढला गेला. त्याच सुमारास तासगावही इंग्रजांकडे गेले. सांगली, मिरज, जत, औंध आणि फलटण मात्र संस्थानेच राहिली आणि स्वतःचे कर व जकाती वसूल करत राहिली. कराडचा लोहार इंग्रजी कायद्याखाली आणि काही कोसांवरचा मिरजेचा लोहार संस्थानी कायद्याखाली, अशी स्थिती पुढे शंभर वर्षे टिकली.

आयकराचे येणे आणि जाणे

१८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरीत खड्डा पडला होता. तो भरण्यासाठी पहिले अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी १८ फेब्रुवारी १८६० रोजी मांडलेल्या अंदाजपत्रकात आयकर सुचवला आणि त्याच वर्षी ३२ वा कायदा झाला. वर्षाला २०० रुपयांहून अधिक उत्पन्न असलेल्यांवर तो होता. पगारदाराचे उत्पन्न कागदावर असे. दुकानदार, सावकार, कारागीर, वकील, वैद्य यांचे उत्पन्न त्यांनी स्वतः जाहीर करावे, अशी अपेक्षा होती. उत्पन्नाचे विवरण स्वतः लिहून द्यायचे ही कल्पनाच या भागातल्या धंदेवाल्यांना अपरिचित होती. वही दाखवली तर सरकार, भाऊबंद आणि सावकार या तिघांनाही घरची स्थिती कळेल, ही भीतीही होती. कमी उत्पन्न असलेल्यांकडून मिळणारा कर आणि तो गोळा करण्याचा त्रास यांचा मेळ बसेना. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये, हा कर बंद झाला.

त्यानंतर वीस वर्षे नुसती चाचपणी चालली. १८६७ मध्ये धंद्यांवर परवाना कर आला, पुढच्या वर्षी त्याचे रूप बदलले, १८६९ मध्ये आयकर परतला आणि १८७३ मध्ये पुन्हा गेला. १८७६-७७ च्या दुष्काळाने माण, खटाव, खानापूर, आटपाडी हा पूर्वेचा कोरडा पट्टा होरपळला. दुष्काळनिवारणाचा खर्च भागवण्यासाठी मुंबई सरकारने १८७८ मध्ये व्यापार-धंद्यांवर परवाना कर बसवला. त्याची झळ अगदी किरकोळ धंदेवाल्यांपर्यंत पोचली आणि सुरतेत दंगल झाली. दोन वर्षांनी ५०० रुपयांखालचे उत्पन्न यातून वगळण्यात आले.

स्थिर व्यवस्था आली ती १८८६ च्या कायद्याने. पगार, कंपन्यांचा नफा, रोख्यांचे व्याज आणि इतर उत्पन्न असे चार भाग त्याने केले. शेतीचे उत्पन्न वगळले आणि करपात्रतेची मर्यादा ५०० रुपये ठेवली. १९०३ मध्ये ती १००० रुपये झाली. सुतार, शिंपी, न्हावी, गाडीवान यांची वर्षाची कमाई या मर्यादेच्या पुष्कळ खाली असे. त्यामुळे पुढची कित्येक दशके आयकर हा सावकार, मोठे व्यापारी, वकील आणि बडे पगारदार यांचा विषय राहिला. छोट्या स्वतंत्र व्यावसायिकाचा सरकारशी करापुरता संबंध आला तो मीठ, नगरपालिकेची घरपट्टी आणि जकात यांतून.

संस्थानी मुलखात इंग्रजी आयकर कायदा चालत नव्हता. सांगली, औंध आणि इतर दख्खनी संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये विलीन मुलखाला भारतीय आयकर कायदा लागू करण्यात आला. त्याच वर्षी साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णा खोऱ्यातला कारागीर आणि व्यापारी, गाव कोणतेही असो, एकाच करकायद्याखाली आला तो या काळात. १९२२ च्या आयकर कायद्याची जागा १९६१ च्या कायद्याने घेतली आणि १ एप्रिल १९६२ पासून तो अमलात आला.

जुन्या मोहतर्फ्याची एक शाखा मात्र ग्रामपंचायतींच्या कायद्यात उरली. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात पंचायतीला जे कर बसवण्याची मुभा आहे, त्यांत दुकानदारी, हॉटेल, यंत्रावर किंवा हाताने चालणारा शेतीबाहेरचा धंदा आणि गुरांच्या बाजारातील दलाली यांवरचे कर आहेत. खरसुंडी आणि पुसेगावसारख्या मोठ्या जत्रा भरणाऱ्या या मुलखात गुरांच्या दलालाचा कायद्यातला उल्लेख अगदी ओळखीचा आहे.

विसापूरचा प्रयोग आणि व्यवसायकर

महाराष्ट्रातल्या व्यवसायकराची मुळे सांगली जिल्ह्याशी जोडलेली आहेत. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने एक प्रयोग सुरू झाला. काम मागेल त्याला काम द्यायचे आणि त्या कामातून गावाला उपयोगी अशी बांधबंदिस्ती, विहिरी, रस्ते उभे करायचे, अशी त्याची कल्पना होती. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला दान नको, हाताला काम हवे, या विचारावर तो उभा होता. १९७२ च्या भीषण दुष्काळात जत, आटपाडी, कवठे महांकाळ, माण, खटाव या तालुक्यांत हजारो माणसे खडी फोडायला आणि बंधाऱ्यांच्या कामावर गेली. रोजगार हमी योजना राज्यभर पसरली ती याच काळात.

योजनेला कायमचा पैसा हवा होता. त्यासाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कराचा अधिनियम केला आणि १ एप्रिल १९७५ पासून व्यवसायकर सुरू झाला. या कराचे उत्पन्न रोजगार हमीच्या निधीत जायचे आणि तेवढीच भर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालायची, अशी रचना होती. शहरातला डॉक्टर, वकील, दुकानदार, कारखान्यातला कामगार यांनी वर्षाकाठी लहानशी रक्कम द्यायची आणि त्यातून कोरड्या तालुक्यातल्या मजुराला कामाची हमी मिळायची. रोजगार हमीचा स्वतंत्र कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मोहतर्फा कुठे खर्च होतो हे कारागिराला कधीच कळत नसे. व्यवसायकर देणाऱ्याला आपला पैसा कोणाच्या हाताला काम देतो हे सांगता येत होते. या भागाच्या करइतिहासात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा मानला पाहिजे.

व्यवसायकराला राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाची मर्यादा आहे. सुरुवातीला एका व्यक्तीकडून वर्षाला २५० रुपयांपेक्षा अधिक घेता येत नसे. १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २५०० रुपये झाली आणि पुढे ती बदललेली नाही. पगारदाराचा व्यवसायकर मालक कापून भरतो. स्वतंत्र व्यावसायिकाने मात्र स्वतःच्या नावे नोंदणी करून तो भरायचा असतो. अनेक तरुण व्यावसायिकांना ही नोंदणी आयकराहून वेगळी आहे हेच ठाऊक नसते आणि काही वर्षांची थकबाकी, व्याज व दंड एकदम समोर येतो.

माथाड्यांची वही

तुकड्यावर काम करणाऱ्या माणसाच्या प्रश्नावर दुसरे महत्त्वाचे उत्तर सातारा जिल्ह्यातल्या माणसाने दिले. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे येथील अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत डोक्यावर ओझी वाहणाऱ्या कामगारांना संघटित केले. त्यांत पाटण, जावळी आणि आसपासच्या डोंगरी भागातून गेलेल्यांची संख्या मोठी होती. हे कामगार आज एका व्यापाऱ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे काम करत. पोत्यामागे किंवा नगामागे मजुरी मिळे. मालक कोण, याचे उत्तर कोणीच देत नसे.

१९६९ च्या माथाडी कायद्याने त्यावर मार्ग काढला. मालक, कामगार आणि सरकार यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन झाली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने मजुरी कामगाराला द्यायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, औषधपाणी यांची सोय करायची. याचा एक कमी चर्चिला गेलेला फायदा म्हणजे हमालाच्या कमाईची लेखी नोंद झाली. मजुरी मंडळाच्या वहीत उतरल्यामुळे त्याला बँकेत उत्पन्नाचा पुरावा दाखवता येऊ लागला. हळद आणि गुळाच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या पोती उचलणाऱ्या सांगलीच्या हमालासाठी ही नोंद मजुरीइतकीच मोलाची होती.

ॲपवर काम करणाऱ्यांसाठी केंद्राने हीच दिशा धरली आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणाऱ्या गिग कामगाराची व्याख्या प्रथमच आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता अमलात आहे. काम मिळवून देणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, अशी तिच्यात तरतूद आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने देशात २०२०-२१ मध्ये असे ७७ लाख कामगार असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटी होण्याचा अंदाज दिला होता.

अनुमानित कर : अंदाज आता स्वतःच्या हाती

आयकर कायद्यातही छोट्या व्यावसायिकासाठी अंदाजाची पद्धत पुन्हा आली, पण उलट्या बाजूने. पूर्ण जमाखर्च, ताळेबंद आणि लेखापरीक्षण छोट्याला परवडत नाही, हे मान्य करून कायद्याने उत्पन्नाचे ठरावीक प्रमाण घालून दिले. १९६१ च्या कायद्यातील ४४एडी कलमानुसार पात्र धंद्याच्या वार्षिक उलाढालीच्या ८ टक्के आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेच्या ६ टक्के एवढा नफा किमान धरला जातो. उलाढालीची मर्यादा २ कोटी रुपये असून रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तर ती ३ कोटी आहे. दलाली आणि कमिशनच्या धंद्याला ही सवलत नाही. अभियंते, वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांसाठी २०१६ च्या वित्त कायद्याने ४४एडीए हे कलम आणले. त्यात जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानतात. मर्यादा ५० लाख आणि रोखीचे प्रमाण कमी असल्यास ७५ लाख. दहापर्यंत मालवाहू वाहने असलेल्यांसाठी ४४एई हे तिसरे कलम आहे. हलक्या वाहनामागे महिन्याला ७५०० रुपये उत्पन्न धरले जाते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या आयकर कायदा, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पद्धत तीच आहे.

सांगलीत राहून परगावच्या कंपन्यांना तांत्रिक सल्ला देणाऱ्या अभियंत्याची वर्षाची जमा १२ लाख रुपये असेल, तर ४४एडीए प्रमाणे त्याचे उत्पन्न ६ लाख धरता येते. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तरीही त्याने विवरणपत्र भरलेच पाहिजे. कंपनीने व्यावसायिक शुल्कातून १० टक्के टीडीएस कापला असेल तर ते १ लाख २० हजार रुपये विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाहीत. वस्तू पोचवणाऱ्या दुचाकीस्वाराच्या खात्यात वर्षाला ३ लाख ६० हजार जमा होत असतील, तर ६ टक्क्यांप्रमाणे किमान नफा २१ हजार ६०० रुपये धरला जातो. पेट्रोल, दुरुस्ती, कर्जाचे व्याज वजा जाता प्रत्यक्ष नफा याहून जास्त असेल, तर तो जास्तीचा आकडा लिहिणे योग्य आणि पुढे कर्ज मागताना उपयोगाचेही. ४४एडी किंवा ४४एडीएची अनुमानित पद्धत निवडणाऱ्याने आगाऊ कर वर्षातून एकदाच, १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. टीडीएस वजा जाता १० हजार किंवा अधिक कर निघत असेल तरच ही तारीख लागू होते. ४४एडीची पद्धत एकदा धरून पाच वर्षांच्या आत सोडली, तर पुढची पाच वर्षे तिच्याकडे परतता येत नाही.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आला. फक्त सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल, तर त्याला साधारणपणे नोंदणी लागत नाही. ॲपवरून मिळणाऱ्या प्रवासी भाड्यावरचा कर चालकाऐवजी ॲप कंपनीच भरते. मिरजेच्या सतारमेकरांच्या हाती घडणाऱ्या देशी वाद्यांना या करातून सूट आहे. त्यांच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. विटा, खानापूर, आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेल्या गलाई व्यावसायिकांची अडचण निराळी आहे. या कराची नोंदणी राज्यवार असते. त्यामुळे एका भावाची भट्टी तमिळनाडूत आणि दुसऱ्याची उत्तर प्रदेशात असेल, तर नोंदी आणि विवरणपत्रेही त्या त्या राज्यात ठेवावी लागतात. सोने नियंत्रणाचे नियम १९६३ मध्ये आले आणि कायदा १९९० मध्ये रद्द झाला. त्या काळापासून सोन्याच्या कामाची कागदपत्रे जपण्याची सवय या घरांना लागली आहे.

इतिहासाचा निष्कर्ष

सातारा-सांगलीच्या या तीन शतकांत स्वतंत्र व्यावसायिकावरचा कर बहुतेक वेळा अंदाजावरच उभा राहिला. फरक पडला तो अंदाज कोणाचा, यात. मोहतर्फ्यात तो शेटे-महाजनांचा आणि पाटील-कुलकर्ण्यांचा होता, १८६० मध्ये तो सरकारी अधिकाऱ्याच्या संशयाचा झाला आणि आज कायद्याने प्रमाण ठरवून देऊन तो व्यावसायिकाच्या स्वतःच्या सहीवर सोपवला आहे. हा अधिकार मोठा आहे आणि त्याला आधार लागतो तो नोंदीचा. अनुमानित पद्धतीत रीतसर कीर्द-खतावणी सक्तीची नसली, तरी बँकेचे स्वतंत्र खाते, ॲपवरची महिन्याची कमाईची पत्रके, इंधन आणि दुरुस्तीच्या पावत्या आणि टीडीएसचा तपशील इतके तरी प्रत्येकाने जपले पाहिजे. जुन्या कारागिराजवळ आपली बाजू मांडायला कागद नव्हता, म्हणून तो दुसऱ्याच्या अंदाजाला बांधलेला राहिला.

दुसरी जबाबदारी सरकारची आणि काम देणाऱ्या कंपन्यांची आहे. विसापूरच्या प्रयोगातून जन्मलेल्या व्यवसायकराने कर आणि रोजगाराची हमी यांची सांगड घातली, माथाडी कायद्याने लेव्ही आणि म्हातारपणाची सोय यांची. दोन्ही वाटा याच मातीतल्या माणसांनी घालून दिल्या. ॲपवर राबणाऱ्या नव्या कष्टकऱ्यांसाठी संहितेत लिहिलेला निधी प्रत्यक्षात जमा झाला पाहिजे, त्याचा हिशेब जाहीर झाला पाहिजे आणि त्यातून अपघात, आजारपण व वृद्धत्वात आधार मिळाला पाहिजे. त्यासाठी या कामगारांनी आपली नोंदणी करून घ्यावी, दरवर्षी विवरणपत्र भरावे आणि भरलेल्या कराच्या बळावर आपला हक्क मागावा.